दोन छोटे हॉर्न

१

त्या रबराला बूटपॉलिशचा वास येत होता.

मी विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासते. सव्वीस वर्षं हेच चाललंय. मोडलेल्या गाड्यांत काय काय सापडतं ते सांगितलं तर तुम्हाला दोन दिवस घास उतरणार नाही, म्हणून सांगत नाही. लोक म्हणतात, बाई, तुमचं नाक फार तिखट. नाक बेताचंच आहे हो, माणसंच फार वास मारतात.

गाडी पोलिसांच्या आवारात उभी होती. साठ वर्षं जुनी, सायीच्या रंगाची, एका दातांच्या डॉक्टरांची. मागच्या रविवारी सकाळी डॉक्टर ती उतारावरून आपल्या फाटकाकडे आणत होते. वळायच्या जागी त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, ते हातात नुसतं गरगर फिरलं आणि गाडी सरळ गेली. फाटकाजवळच्या भिंतीपाशी त्यांची बायको पाठमोरी उभी होती, नळीने कुंड्यांना पाणी घालत. रस्ता ओला, ब्रेक जुने. ती जागीच गेली.

मी गाडीखाली सरपटले. स्टिअरिंगचा दांडा वरून येतो, चाकं वळवणारी पेटी खाली असते. दोघांच्या मधे बशीएवढी रबराची जाड चकती चार बोल्टांनी बसवलेली असते. तिला कपलर म्हणतात. रस्त्याचे हादरे हाताला लागू नयेत म्हणून ती. ती फाटली की वर स्टिअरिंग फिरवा नाहीतर जेवणाचं ताट फिरवा, सारखंच.

ही फाटली होती. दोन भोकं पार चिरली होती आणि रबर आतून शिळ्या पावासारखं भुगा झालं होतं. वरून मात्र काळंभोर चकचकीत. बोट फिरवलं तर बोट काळं झालं, आणि वास आला. एरवी या चकतीवर एक तांब्याची वेणीसारखी वायर आडवी बसवलेली असते. ती नव्हती. तुटून पडली असेल म्हणून मी सगळीकडे चाचपलं. वायरीच्या जागेवर फक्त गंज होता, आणि तोही आजकालचा नव्हता.

इन्स्पेक्टर बाजूला उभा राहून जीपच्या किल्लीने कान कोरत होता. "काय विशेष नाही बाई. सरळ केस आहे. डॉक्टरांनी आठ महिने वाट बघून परदेशातून नवी चकती मागवली. मिस्त्रीने शुक्रवारी बसवली म्हणून सांगितलं. बसवलीच नाही. जुनीला काळं फासून तीच ठेवली आणि नवी खाल्ली."

"कुठे खाल्ली?"

"सापडेल हो कुठेतरी." त्याने किल्ली बाहेर काढली, तिचं टोक निरखलं आणि पँटला पुसलं. मी दुसरीकडे पाहिलं. "आणि म्हातारा स्वतःच म्हणतोय, माझंच चुकलं असेल. शनिवारी सकाळी जबाबावर सही करतोय. मग आत."

त्या दिवशी गुरुवार होता.

मी हात साबणाने दोनदा धुतले. पॉलिशचा वास नखात राहिलाच. आणि डोक्यात एक गोष्ट राहिली. जो माणूस पार्ट चोरतो, त्याला पक्कं माहीत असतं आपण काय केलं ते. तो 'असेल' कशाला म्हणेल?

२

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे पुढे पत्र्याची शेड आणि मागे दोन खोल्या. मिस्त्री एका उलट्या डब्यावर बसला होता. सत्तरीचा असेल. समोरच्या फळीवर सगळे पाने पुसून, मापाप्रमाणे रांगेत लावलेले. नऊ नंबरच्या जागी दहा नंबर नाही. अशी फळी मी सव्वीस वर्षांत चारदा पाहिली असेल.

"पाने विकायला काढलेत," तो म्हणाला. "घेऊन टाका कुणीतरी."

"चकती बसवली होती का नाही, तेवढं सांगा."

"बसवली, असं वाटतंय. पण बाई, हल्ली मी चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधतो. डॉक्टरांकडच्या त्या ताई मला दर वेळी आत बसवून पाणी द्यायच्या. माझ्या हातून त्या गेल्या असतील तर..." त्याने फळीवरचा एक पाना उगाच सरळ केला. "हातांवर भरवसा नाही राहिला."

"जुनी चकती कुठे आहे?"

"जुना पार्ट मी गिऱ्हाइकाला परत देतो. कापून देतो, करवतीने दोन तुकडे. झिजलेला पार्ट आख्खा राहिला की कुणीतरी तो परत कुठेतरी लावतो आणि कुणाचा तरी जीव जातो. वस्तादांनी शिकवलं होतं." त्याने आपले पंजे पाहिले. "त्या दिवशी कापली का, ते काही आठवत नाही."

मागच्या दारातून त्याची बायको चहा घेऊन आली. लहानखुरी, पदराला हळदीचा डाग, तोंड मिटलेलं. कपात साय धरली होती, सुरकुतलेली, कपाच्या कडेला चिकटलेली. मला चहावरच्या सायीची इतकी किळस आहे की नुसती दिसली तरी घशाशी येतं. मी पोट बिघडल्याचं खोटंच सांगितलं. ती कप उचलून परत गेली. मला माझीच लाज वाटली, पण साय ती साय.

मी निघाले. गाडीच्या दाराला हात लावला तोवर ती मागून जवळजवळ पळत आली.

"ताई, इन्स्पेक्टर माझं ऐकून घेत नाही. म्हणतो, बायको नवऱ्याच्या बाजूनेच बोलणार. पण त्या शुक्रवारी दोन हॉर्न वाजले होते."

"कसले हॉर्न?"

"ह्यांची सवय आहे. काम पुरं झालं, सगळं घट्ट केलं, की शेवटी गाडीत बसून दोन छोटे हॉर्न द्यायचे. म्हणजे मी चहा टाकायचा. चाळीस वर्षं झाली. काम अर्धं असलं तर हे हॉर्न देत नाहीत, मग संध्याकाळ का होईना. त्या दिवशी दुपारी बाराला वाजले. मी चहा टाकला. डॉक्टर प्याले, हेही प्याले."

"डॉक्टरांच्याच गाडीचा हॉर्न होता?"

"शेडमध्ये दुसरी गाडी नव्हती," ती म्हणाली. "आणि त्या गाडीचा आवाज बदकासारखा आहे. तो कसा विसरेन?"

३

शुक्रवारी सकाळी मी डॉक्टरांकडे गेले. घरात आठवडाभराची भांडी साचली होती आणि कुणीतरी अगरबत्ती लावून वास झाकायचा प्रयत्न केला होता. दोन्ही वास वेगवेगळे येत होते.

जावई सोफ्यावर आडवा. हातात फोन, कानात बोंडं. माझ्यासाठी त्याने एका कानातलं काढलं.

"अपघाताच्या आदल्या दिवशी, शनिवारी, गाडी कुणी चालवली होती?"

"मीच. जुन्या गाड्यांचा क्लब आहे ना, त्यांची वार्षिक तपासणी होती. सकाळी सासऱ्यांची गाडी क्लबच्या शेडमध्ये मीच नेऊन लावली. अकराच्या सुमाराला ती पास झाली. मग सगळे हॉटेलात जेवायला गेलो, अध्यक्षांची भाषणंबिषणं. तीनला परत आलो आणि गाडी घेऊन आलो. फाटक अरुंद आहे, कुठे घासाघीस करा, म्हणून वर रस्त्यावरच लावली."

"चालवताना काही वेगळं वाटलं?"

त्याने खांदे उडवले. "येताना स्टिअरिंग जरा सैल वाटलं."

"जाताना?"

"जाताना नाही."

"मग हे डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"अहो, गाडीचं काही बोललं की तासभर ऐकून घ्यावं लागतं. कशाला नसती कटकट." आणि बोंड परत कानात गेलं. सासू गेली होती त्याची. चिमट्याने उचलून बाहेर ठेवावा असा माणूस.

"जेवायला सगळेच गेले होते?" मी मोठ्याने विचारलं.

"हेडमास्तर जेवायला थांबले नाहीत. क्लबचे अध्यक्ष तेच. भाषण करून लगेच परत गेले, गाड्यांवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं म्हणाले. देवमाणूस आहे. उपाशी राहिले बिचारे."

डॉक्टर आतल्या खोलीत खिडकीशी बसले होते. दाढी वाढलेली. मी काही विचारायच्या आत तेच बोलले.

"मी हॉर्न दाबत होतो. दोन्ही अंगठ्यांनी. तीन-चार सेकंद होते. तिने नुसती मान वळवली असती तरी बाजूला झाली असती."

"शेजारी म्हणतात, हॉर्न वाजलाच नाही."

"सगळे तेच म्हणतात. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही घाबरला होता, दाबायला सुचलंच नसेल. आता मलाही वाटायला लागलंय, दाबला नसेन." त्यांनी अंगठे मांडीवर घासले. "पण हे दुखत होते हो दुसऱ्या दिवशी."

आता ती तांब्याची वायर काय करते ते सांगायला हवं. अशा गाडीचा हॉर्न स्टिअरिंगच्या मधोमध असतो. तिथे दाबलं की त्याची वीज स्टिअरिंगच्या दांड्यातून खाली उतरते. पण मधे ही रबरी चकती येते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून चकतीवरून वायर टाकतात. वायर नाही तर हॉर्न मुका. बोंबलून दाबलात तरी मुका.

म्हणजे डॉक्टरांनी दाबला असेल, पण वाजला नसेल. आणि शुक्रवारी बाराला, मिस्त्रीने काम पुरं केल्यावर, तोच हॉर्न दोनदा वाजला होता.

"शुक्रवारी मिस्त्रीने तुम्हाला जुनी चकती दिली होती का?"

"कागदात बांधून काहीतरी दिलं होतं. मी हिच्याकडे दिलं. ही काही टाकून देत नसे."

मी घर धुंडाळलं. माळा, खोके, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, झुरळांची अंडी. दुसऱ्याच्या घरातली अडगळ उपसण्यासारखं ओंगळ काम नाही. दीड तासाने न्हाणीघरात आले. जावयाने नुकतंच कपडे धुवायचं यंत्र सुरू केलं होतं. तसलंच जुनं यंत्र माझ्याकडे आहे, पाणी पिळताना ते घरभर फिरतं. हे मात्र जागेवरून हलत नव्हतं.

मी गुडघ्यावर बसले. पुढच्या दोन पायांखाली रबराचे दोन जाड तुकडे सरकवलेले होते. करवतीने कापलेले, सरळ कापाचे. बाहेर काढून जोडले तर बशीएवढी गोल चकती झाली, झिजून कडा चिरलेली.

डॉक्टरांची जुनी चकती ही होती. मग गाडीत फाटली ती कुणाची?

४

त्या मॉडेलच्या गाड्या आमच्या शहरात दोनच आहेत. दुसरी हेडमास्तरांची.

निवृत्त हेडमास्तर. अंगणात पाय ठेवायच्या आधी चपला कुठे काढायच्या, ते दाखवणारी पाटी. दुसरी पाटी, 'सत्य बोला'. तिसरी, 'झाडांना हात लावू नये'. स्वतः दारात उभे, पांढरे केस चापून बसवलेले, आणि बूट असे की त्यात माझा चेहरा दिसला. घरातही बूट.

"बूट बघून माणूस कळतो बाई," ते म्हणाले. "मी रोज सकाळी स्वतः पॉलिश करतो. पन्नास वर्षांत एक दिवस चुकला नाही."

माझं नाक जागं झालं. पण जगात बूटपॉलिश करणारे लाख लोक आहेत, आणि वास कोर्टात दाखवता येत नाही.

"मिस्त्रींबद्दल काय मत आहे तुमचं?"

त्यांनी सुस्कारा टाकला. डॉक्टरांच्या बायकोच्या शोकसभेतही असाच टाकला असणार. सभा त्यांनीच भरवली होती. "चांगला माणूस. पण वय झालं. मी इन्स्पेक्टरना स्वतः जाऊन सांगितलं, की हल्ली त्यांचं लक्ष नसतं. सांगताना जीव तुटत होता, पण सत्य ते सत्य."

"तुमच्या गाडीला त्यांचा हात लागत नाही?"

"मी स्वतःच करतो सगळं. चला, दाखवतो."

गाडीवर पांढरी चादर होती. ती त्यांनी घडीवर घडी घालत काढली. निळी गाडी, डाग नाही. मी कौतुक केलं. कौतुक केलं की असली माणसं दोन इंच वाढतात आणि दोन गोष्टी जास्त सांगतात.

"हे बटण कसलं?" डॅशबोर्डखाली पितळेचं एक बटण होतं.

"हॉर्न." त्यांनी दाबून दाखवला. तोच बदकाचा आवाज. "स्टिअरिंगवरचा आठ वर्षांपूर्वी मेला. लोक मिस्त्रीकडे धावतात. मी एक वायर टाकली, हे बटण बसवलं, काम झालं. तिकडे मी हातही लावत नाही."

"आणि तपासणीत काही अडचण?"

"छे." पण उत्तर पटकन आलं.

"तपासणीचे कागद बघायला मिळतील? एवढी शिस्त कुठल्याच क्लबात नसते म्हणे."

फाइल आली. हे मात्र मान्य करायला हवं, अक्षर मोत्यासारखं होतं. तपासनीस बाहेरचा असतो, तो तोंडाने सांगतो आणि अध्यक्ष लिहून घेतात. मी पानं उलटली. डॉक्टरांची गाडी, शनिवार, अकरा वाजून दहा मिनिटं. स्टिअरिंग: ढिलाई नाही. हॉर्न: स्टिअरिंगवर, चालतो. खाली हेडमास्तरांची वळणदार सही.

म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचं एकटीचं सांगणं राहिलं नाही. शनिवारी सकाळपर्यंत चकती नवी होती आणि वायर जागेवर होती.

पुढचं पान हेडमास्तरांच्या स्वतःच्या गाडीचं. त्याच शनिवारी, संध्याकाळी पाच. हॉर्न: बटणावर, चालतो. स्टिअरिंग: ढिलाई नाही. मी मागच्या वर्षीचं पान काढलं. स्टिअरिंग: ढिलाई आहे, नापास. त्याच्या मागच्या वर्षीही तेच. आणि फाइलीच्या पहिल्याच पानावर नियम, सुवाच्य अक्षरात: सलग तीन वर्षं नापास झालेली गाडी क्लबातून कमी होईल, आणि तिच्या मालकाला पदावर राहता येणार नाही.

मी ते पान तीनदा वाचलं. माझा विश्वास बसत नव्हता, आणि बसत होता म्हणून जास्त किळस येत होती. खुर्चीसाठी. क्लबाच्या, दोन फाटक्या सतरंज्या आणि एका टेबलाच्या खुर्चीसाठी.

"काय बघताय?" हेडमास्तर मागे उभे होते, अगदी जवळ. मानेवर श्वास लागला.

"अक्षर," मी म्हणाले, आणि फोनमध्ये पाचही पानांचे फोटो घेतले. "फार सुंदर आहे."

५

शनिवारी सकाळी आठ वाजता मी इन्स्पेक्टरला गाठलं. मिस्त्री सही करायला बायकोबरोबर आला होता. बाकावर बसला होता, पायाशी कपड्यांची पिशवी. त्याने पिशवी भरून आणली होती.

"अर्धा तास द्या मला," मी इन्स्पेक्टरला म्हटलं. "नाही पटलं तर घ्या सही."

"बाई, लोकांना उत्तर द्यायचंय मला."

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तरी उत्तर द्यावं लागेलच. ते जास्त अवघड जाईल."

तो कुरकुरला, पण निघाला. मिस्त्री आणि त्याची बायको जीपमध्ये मागे बसले. हेडमास्तरांच्या फाटकाशी मी दोघांना जीपमध्येच थांबायला सांगितलं.

हेडमास्तर स्वच्छ, इस्त्रीचे, चकचकीत. त्यांनी आम्हाला गाडीपाशी नेलं, चादर घडी घालून काढली. मी दोन तुकडे इन्स्पेक्टरच्या हातात दिले.

"ही डॉक्टरांची जुनी चकती. मिस्त्रीने कापली, डॉक्टरांच्या बायकोने कपड्यांच्या यंत्राखाली सरकवली. म्हणजे जुनी निघाली होती, नवी बसली होती. शुक्रवारी हॉर्न वाजला, आणि शनिवारी अकरालाही वाजला, हे यांच्याच अक्षरात आहे. रविवारी सकाळी तीच गाडी मुकी झाली आणि तिच्यात तिसरीच चकती निघाली. वायर नसलेली, वायरीच्या जागी जुना गंज असलेली. तशी चकती याच मॉडेलच्या गाडीतून येऊ शकते. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा शेडमध्ये एकच माणूस होता. जाताना सैल नसलेलं स्टिअरिंग येताना सैल झालं. आणि दोन वर्षं सैल असलेलं यांचं स्टिअरिंग संध्याकाळी पाचला घट्ट झालं."

"ढिलाई मी स्वतः काढली," हेडमास्तर शांतपणे म्हणाले. "बोल्ट आवळून. बाई, तुम्ही गोष्ट छान रचता. पण मी चकती बदलली असती, तर वायर विसरलो असतो का? मी इतका अडाणी वाटतो तुम्हाला?"

"तिथेच तर सगळं उलगडलं," मी म्हणाले. "मिस्त्री वायर विसरूच शकत नाही. त्याचं काम हॉर्न वाजल्याशिवाय संपत नाही, घरात चहा उकळत नाही. दुसरा कुणी मेकॅनिक असता तर त्यालाही वायर दिसली नाही म्हणून खटकलं असतं. न खटकणारा एकच. ज्याच्या स्वतःच्या चकतीवर आठ वर्षं वायरच नव्हती आणि जो हॉर्न बटणाने वाजवतो."

"ही सगळी अनुमानं आहेत."

"हो," मी म्हणाले, आणि त्यांच्या गाडीत जाऊन बसले. सीटवर पांढरा नॅपकिन अंथरला होता, मी त्याच्यावरच बसले. "हा स्टिअरिंगवरचा हॉर्न आठ वर्षांपूर्वी मेला. बरोबर ना? काल तुम्हीच सांगितलंत. तिकडे हातही लावत नाही म्हणालात."

"मेलाच आहे तो."

"मग लावते मी हात. मेला असेल तर काय बिघडतंय?"

त्यांचं तोंड उघडलं. मी स्टिअरिंगच्या मधोमध दोन्ही अंगठे ठेवून दाबलं.

बदकाचा आवाज अंगणभर घुमला. आठ वर्षं मेलेला हॉर्न ठणठणीत वाजला, कारण आता खाली चकती नवी होती आणि तिच्यावरची तांब्याची वायरही. त्यांनी डॉक्टरांची चकती चोरली तेव्हा वायरही सोबत आली, आणि ती काय करते हे त्यांच्या गावीही नव्हतं. आठवडाभर ते हॉर्न बटणानेच वाजवत राहिले.

इन्स्पेक्टर गाडीखाली वाकला. टॉर्च मारला. उठला तेव्हा गुडघ्याची माती झटकायचंही विसरला.

"नवी कोरी आहे," तो म्हणाला.

हेडमास्तर बराच वेळ चादरीची घडी नीट करत राहिले. मग म्हणाले, "सोमवारी परत बसवणार होतो."

शेजाऱ्याची छत्री नेली होती म्हणावं, तसं म्हणाले.

"रविवारी कोण चालवतंय एवढं, असं वाटलं. माझ्या गाडीत आठ वर्षं टिकली होती ती चकती. वरून जरा पॉलिश केलं, म्हणजे कुणी वाकून पाहिलं तर..." त्यांनी इन्स्पेक्टरकडे पाहिलं. "माझा हेतू वाईट नव्हता."

"आणि मिस्त्रीविरुद्ध सांगायला आलात तो हेतू?" इन्स्पेक्टर म्हणाला. पहिल्यांदा तो मला माणसासारखा वाटला.

"शोकसभेत रडलात म्हणे तुम्ही," मी म्हटलं.

"ते मनापासून होतं," हेडमास्तर म्हणाले.

आणि ते खरं होतं. यासारखी ओकारी मला कुठल्याच गाडीत आली नाही. खोटं रडला असता तर मी त्याला नुसता बदमाश म्हणून सोडलं असतं.

फाटकाशी पावलं वाजली. हॉर्न ऐकून मिस्त्री जीपमधून उतरला होता. पिशवी हातातच होती. हेडमास्तरांना वाटलं, आपल्यासारखा गाड्या कळणारा कुणीतरी आला.

"मिस्त्री, तुम्हीच सांगा यांना. आठ वर्षं टिकली होती ना माझी चकती? एका दिवसात कशी फाटेल?"

मिस्त्री गाडीपाशी आला. वाकला नाही, बघितलंही नाही. "साहेब, झिजलेल्या चकतीची भोकं बोल्टाच्या मापाने बसलेली असतात. ती जागेवर आहे तोवर कशीबशी चालते. एकदा काढून दुसरीकडे बसवली की फाटते. दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं तुम्हाला." त्याने इन्स्पेक्टरच्या हातातले दोन तुकडे घेतले, कापाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "म्हणून तर मी कापतो." मग बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "कापली होती गं मी."

 त्याच्या हातातली पिशवी तिने काढून घेतली.

६

डॉक्टरांना मीच जाऊन सांगितलं. चकती, वायर, हेडमास्तर, सगळं. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. हेडमास्तरांचं नाव ऐकूनही वळले नाहीत.

"म्हणजे मी दाबला होता," शेवटी ते म्हणाले.

"दाबला होता. दोन्ही अंगठ्यांनी."

ते आपले अंगठे बघत बसले. जावई तोंड उघडून दारात उभा होता. "तुम्हाला सैल वाटलं होतं," मी जाताना त्याला म्हटलं. "शनिवारी. हे मी अहवालात लिहिलंय." त्याने दोन्ही कानांतली बोंडं काढली. उशीर झाला होता.

पुढच्या बुधवारी मी काम नसताना मिस्त्रीच्या गॅरेजवर गेले. पाने फळीवर होते, रांगेत. गाडीखालून नुसते पाय दिसत होते. मी उलट्या डब्यावर बसले. हात सारखे नाकाशी जात होते. आठवडा झाला, साबण झाला, लिंबू झालं, तरी मला बूटपॉलिशचाच वास येत होता. आता तो नखात नव्हता, हे मला कळत होतं.

मिस्त्री बाहेर आला, हात पुसले, गाडीत बसला. जरा थांबला. मग दोन छोटे हॉर्न दिले.

मागच्या खोलीत भांड्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने त्याची बायको तीन कप घेऊन आली. माझ्या कपावर साय धरली होती, जाड, सुरकुतलेली, कडेला चिकटलेली. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मागच्या वेळचं पोट बिघडल्याचं खोटं तिने ओळखलं होतं.

मी कप घेतला आणि सायीसकट प्याले.